मुळांचं वय

गाठ त्याचीच होती – दोन वेढे, तिसरा उलटा, आणि दोऱ्याची दोन्ही टोकं सारखी कापलेली, करंगळीच्या नखाएवढी. घरातल्या प्रत्येक तसबिरीच्या पाठीवर ही गाठ आहे, हाच मेण लावलेला तपकिरी दोरा; नवऱ्याचं तसबिरी मढवण्याचं दुकान, त्यामुळे बावीस वर्षांत धूळ पुसताना तिनं ती इतक्या वेळा पाहिली होती की डोळे मिटूनही बोटांना कळावी. पण इथं? अनंताच्या झुडपात, भिंतीकडच्या बाजूला, पानांत हात घातल्याशिवाय दिसणार नाही अशा फांदीवर एक अंड्याएवढा गोळा, आणि त्याच्या वर एक गाठ, खाली एक गाठ.

ती पिठ्या ढेकणांसाठी वाकली होती. कापसाच्या काडीला स्पिरिट लावायचं, पानाच्या बगलेत बसलेला तो पांढरा चिकट पुंजका टिपायचा, काडी फेकायची, दुसरी घ्यायची – रोज सकाळची पंधरा मिनिटं. पुढची बाजू रोज, मागची क्वचित, कारण तिकडे झुडूप आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून कसंबसं शिरता येईल एवढीच फट. आज पुढे एकही सापडला नाही म्हणून तिला संशय आला – ढेकूण असे एकाएकी जात नाहीत, ते कुठंतरी सरकतात – आणि खांदा भिंतीला घासत तिनं डोकं आत घातलं.

आधी वाटलं, कोळ्याचं घर. मग प्लॅस्टिक चकाकलं. प्लॅस्टिकच्या आत ओलं शेवाळ, आणि शेवाळातून बाहेर येऊन प्लॅस्टिकला चिकटलेली, कोंडलेली... मुळं.

गुटी. कुणीतरी तिच्या अनंताला गुटी बांधली होती. फांदीवरची साल अंगठीएवढी सोलून काढायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लॅस्टिक, दोन्ही टोकं आवळायची. पानांनी केलेलं अन्न खाली उतरताना सोललेल्या जागी अडतं, आणि अडलेल्या जागी फांदी मुळं धरते. मुळं पुरेशी झाली की गोळ्याच्या खाली कापायचं. झाड झाडाच्या जागी, फांदी दुसरीकडे. हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि एवढंही ठाऊक होतं की या अंगणात दुसरा अनंत लावायला जागा नाही. गुटी बांधतात ती न्यायला. जो बांधतो तो कुठंतरी जाणार असतो, किंवा कुणालातरी काहीतरी देणार असतो, आणि दोन्ही गोष्टी घरात सांगायच्या असतात. नाहीतर मग भिंतीकडची फांदी कशाला निवडायची?

“तिकडे काय शोधतेस?” तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तोंडात ब्रश.

“ढेकूण.”

“मिळाले?”

“नऊ.” एकही मिळाला नव्हता.

“आकडा सांगितल्याशिवाय चैन नाही पडायची,” तो म्हणाला, पण लगेच आत गेला नाही. ब्रश चालू होता, डोळे तिच्या हातावर – की हाताच्या पलीकडे? फेस हनुवटीवर येईपर्यंत तो उभा राहिला. एरवी तो या दारात चपला शोधण्यापलीकडे कधी थांबत नाही. फूल कुठलं आणि कळी कुठली हेही बोट दाखवून सांगावं लागणारा माणूस.

ती मात्र आत पुन्हा एकदा बघून घेऊन मगच उठली. बघणं आणि वाचणं यांत फरक असतो; प्रयोगशाळेत चोवीस वर्षं काढल्यावर तिला वाचणं आपोआप होतं. टोकाशी पांढरी, मागे पिवळट, दोन-तीन ठिकाणी तपकिरी व्हायला लागलेली, दोऱ्याएवढी जाड, प्लॅस्टिकला लागून वळलेली मुळं. सात आठवडे. सात, अधिक-उणे एक.

म्हणजे सात आठवड्यांपूर्वी या घरात कुणीतरी ठरवलं होतं, आणि सात आठवडे ते ठरवलेलं तिच्या नाकासमोर, तिनंच घातलेल्या पाण्यावर वाढत होतं.

सासूबाईंचं इन्शुलिन साडेसातला असतं. खोलीत त्या पलंगाच्या कडेवर बसून तयारच होत्या, पोटावरची साडी बाजूला केलेली, चष्मा केसांवर चढवलेला. तिनं बाटली उजेडात धरून सिरिंज भरली, बुडबुडा काढला.

“पाणी घातलंस त्याला?”

“घातलं, आई.”

“व्हिनेगर?”

“घातलं.” इथलं नळाचं पाणी जड, चुन्याचं, थोडी आंबटी दिली नाही तर अनंताची पानं शिरा सोडून पिवळी पडतात. हे तिनं या घरी आल्याआल्या शोधून काढलं होतं, मोजून, कागदावर. त्याआधी आईंना कारण माहीत नव्हतं, तरी झुडूप जगलं होतंच. मग गुडघे गेले आणि झुडूप तिच्याकडे आलं – दिलं असं नाही, आलं. आणि गेली सात वर्षं रोज सकाळी सुई टोचायच्या आधी हाच प्रश्न. पाणी घातलंस त्याला? ती नेहमी यात तपासणी ऐकत आली. आज तिनं तो शब्दाशब्दानं ऐकला. त्याला. झुडपाला की त्या गोळ्याला?

“हात गार आहे तुझा,” आई म्हणाल्या.

“स्पिरिट लावलं होतं.”

“मागच्या बाजूलाही गेली होतीस होय? ढोपराला माती लागलीय.”

सुई आत होती. तिनं दट्ट्या सावकाश दाबला, दहापर्यंत मोजलं, सुई काढली. आईंचा चेहरा खिडकीकडे होता. हाताची बोटं मांडीवर, सांध्यांशी सुजून वाकडी झालेली. या बोटांना साडीची पिनसुद्धा लावता येत नाही, त्यांनी मेणाचा दोरा आवळणं शक्य नाही. तर मग त्याचं एकट्याचं काम? कुणासाठी? क्षणभर तिनं अगदी सिनेमात असतं तसलं काहीतरी मनात आणून पाहिलं – दुसरं घर, दुसरं अंगण, पाणी घालणारे कुणाचेतरी हात – आणि तिला हसू आलं. दाढीचं पातं कुठं ठेवलं ते रोज विचारणाऱ्या माणसाला दुसरं घर झेपणार नाही.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला. फोनवर. धाकट्या भावाशी बोलताना त्याचा आवाज नेहमीच थोडा मोठा होतो, अंतर आवाजानं कापायचं असल्यासारखा. आज मात्र तो खाली आणलेला होता, आणि म्हणूनच तिनं कान दिला.

“हो रे, खालचीच खोली. पायऱ्या नकोत तिला... नाही. नाही, अजून बोललो नाही हिच्याशी. बोलतो.”

सिरिंज तिनं वापरलेल्या सुयांच्या बाटलीत टाकली. आईंनी साडी सारखी केली, चष्मा डोळ्यांवर आणला. त्यांनीही ऐकलंच असणार. या खोलीत सगळं ऐकू येतं... सगळं?

बसला गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली आणि फोन उघडून आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी मागे मागे नेत राहिली, कारण सात आठवडे म्हटल्यावर एक गोष्ट आठवायची थांबत नव्हती. ताई. ताई. कामाचे नंबर. ताई. रविवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं, एकोणचाळीस मिनिटं बोलणं. आज बुधवार. बावन्न दिवस.

त्या रविवारी ताईनं मोतीबिंदूच्या तपासणीबद्दल फोन केला होता. बोलता बोलता ती मागच्या अंगणात गेली, अनंताला तेव्हा पहिल्या कळ्या धरत होत्या, आणि एका हातानं सुकलेली पानं खुडत, दुसऱ्या हातात फोन, ती बोलली – काय बोलली ते तिला अक्षर अन् अक्षर आठवतं, कारण असं ती आयुष्यात एकदाच बोलली. त्यांनी मरावं असं मी म्हणत नाही गं ताई. पण माझ्या घरात मला एकदा तरी एकटीला राहून बघायचंय. बावीस वर्षं माझ्यामागे कुणीतरी उभं आहे. ताई म्हणाली, छोटी, हळू बोल. आणि ती म्हणाली, कशाला हळू, झोपल्यात त्या.

झोपल्या होत्या? सकाळी अकराला? आईंच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते, अनंतापासून चार पावलांवर. ती त्या दिवशी उघडी होती की बंद हे तिला आठवेना. मीटरवरचा आकडा वर्षानं सांगू शकणारी बाई, आणि एक खिडकी आठवेना.

पण थांब – त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात मी नव्हतेच घरी. बुधवार, गुरुवार, शुक्रवार: नव्या उपकरणाचं प्रशिक्षण, दुसऱ्या गावी. छप्पन्न, पंचावन्न, चोपन्न दिवस. ती नसताना बसून दोघांनी निवांत गुटी बांधली असेल, तिनं तोंड उघडायच्या आधीच सगळं ठरलेलं असेल, धाकट्यानं बोलावलं असेल, आईंना लेकाकडे राहावंसं वाटलं असेल, बस, इतकंच. तर मग आपला त्यात काही संबंध नाही. चोपन्न असेल तर नाही. एकावन्न असेल तर आहे. आणि मुळं म्हणतात सात आठवडे, अधिक-उणे एक.

प्रयोगशाळेत तिला दशांशबाई म्हणतात. पाण्याचे नमुने येतात, विहिरींचे, टाक्यांचे, कारखान्यांचे; ती त्यातला जडपणा मोजते. चंचुपात्रात द्राक्षाच्या दारूसारखा लाल रंग, वरून थेंब थेंब द्रावण, आणि एका थेंबाला लालाचा निळा होतो – त्याच्या आधीचा थेंब जांभळट, नंतरचा फुकट. आज अकराच्या नमुन्याला तिनं नळी बंद करायला हात नेला तेव्हा पात्र निळंशार होतं.

“कधीचं निळं झालंय ते,” शेजारच्या टेबलावरची म्हणाली. ती जंतू मोजते, म्हणून जंतूताई. “चोवीस वर्षांत पहिल्यांदा. सही कर, तारीख घाल, भिंतीवर लावू. नवऱ्याकडून फ्रेम करून आण.”

“परत करते.”

“कर की. पण आहेस कुठं आज?”

“मला सांग,” तिनं विचारलं, “एखादी वसाहत बघून ती किती तासांची आहे ते तुला सांगता येतं?”

“तापमान सांग, माध्यम सांग, मग सांगते.”

“आणि ते माहीत नसेल तर?”

“तर मग थाप मारते,” जंतूताई म्हणाली. “पण तोंड गंभीर ठेवून.”

दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता ती कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत गेली. रोपवाला पाइपनं कुंड्यांना पाणी घालत होता. अनंताच्या गुटीला मुळं यायला किती दिवस लागतात हे तिनं दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं.

“तुम्ही केलीत?”

“घरी केलीय.”

“मग झालं तर. कधी केली ते घरी विचारा.”

“मुळांवरून सांगता येणार नाही?”

त्यानं पाइप दुसऱ्या कुंडीत टाकला. “बाई, मुळांना जन्माचा दाखला नसतो. सहा आठवडे म्हणा, दहा म्हणा. ऊन कसं, फांदी कुठली, शेवाळ सुकू दिलं का, बांधणाऱ्याचा हात कसा. आमच्याकडे एकाच दिवशी बांधलेल्या दोन गुट्या असतात, एक तयार, एक नुसतीच कोंब दाखवत बसलेली.” मग तिच्याकडे बघून, “एवढं काय अडलंय? तयार असली तर कापा.”

सहा ते दहा. म्हणजे तिचा अधिक-उणे एकसुद्धा थाप होती, गंभीर तोंडानं मारलेली. त्या आकड्यात तीन दिवसांचा निकाल लागणार नव्हता; तिनं कितीही वेळा वाकून पाहिलं तरी नाही.

टेबलापाशी परत येऊन तिनं डबा उघडला, आणि खाता खाता समोरच्या कागदावर पेन्सिल चालत होती ती कशासाठी हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. आयत. खिडकीची जागा, दाराची जागा. आईंचा पलंग नव्हता. खिडकीखाली एक टेबल, नव्वद बाय साठ, त्याच्या शेजारी पुस्तकांचं कपाट, आणि दाराला आतून कडी – कडीसुद्धा काढली होती, छोटी, नीट.

घास तोंडात तसाच राहिला. हे कुणी काढलं? नऊ वाजल्यापासून मी काळजी करतेय की म्हाताऱ्या माणसाला दुखावलं, घालवलं. रोपवाल्याला जाऊन प्रश्न विचारतेय. आणि हात मात्र तिथं मापं घेत बसलाय. तिनं कागद चार घड्या करून डब्याच्या पिशवीत टाकला, कचऱ्यात नाही – कचरापेटीतून कुणी काढून बघेल अशी भीती वाटली, जणू जंतूताईला एका आयतावरून सगळं कळलं असतं. सकाळपासून ती दोघांवर संशय घेत होती, दाराआडच्या आवाजांवर, डोळ्यांच्या कोनावर. आता तिसरं माणूस सापडलं होतं, आणि त्याच्याबद्दल तिच्याकडे सर्वांत जास्त पुरावा होता.

ती घरी पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. तो दुकानात. आईंच्या खोलीचं दार लोटलेलं. तिनं पिशवी ठेवली, हातभिंग घेतलं आणि सरळ मागे गेली, चप्पल न घालता.

दिवसाच्या उन्हानं पानं कोमट होती. खांदा भिंतीला लावून तिनं गोळ्यावर भिंग धरलं. वरच्या अंगाला, गाठीच्या खाली, कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा होता, सकाळी तिला तो पानाचा डाग वाटला होता. सलाइनच्या सुया हातावर धरून ठेवायला वापरतात तसली पांढरी पट्टी. औषधांच्या खणात तिचं एक रीळ पडलेलं असतं. तिनं पट्टीची एक कड नखानं उचलली. खाली छिद्रं. बारीक, वेडीवाकडी, काही एकमेकांना लागून – दहा-बारा असतील, केसाएवढ्या सुईची. शेवाळ सुकू नये म्हणून कुणीतरी त्यातून पाणी सोडत होतं, एका वेळी एक मिलिलिटर, थरथरत्या हातानं.

तर सुया इथं जात होत्या. महिन्याभरापूर्वी वापरलेल्या सुयांची बाटली लवकर भरायला लागली तेव्हा ती घाबरली होती. आई विसरून दुसऱ्यांदा टोचून घेतात की काय, म्हणून तिनं गुपचूप इन्शुलिनच्या बाटलीवर पेनानं रेघा मारल्या होत्या. रेघा बरोबर उतरत होत्या. सुया जास्त, औषध तेवढंच – तिनं ते कोडं तसंच सोडलं होतं, पण रेघा मारायचं सोडलं नव्हतं. आईंनी त्या रेघा बघितल्या नसतील? रोज उजेडात तीच बाटली...

आत आई खोकल्या. स्पष्ट, कोरडा खोकला, मग पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज. तिनं मान वळवली. खिडकी बंद होती. काच पूर्ण लावलेली, आतून खिट्टीसुद्धा; आणि ग्लासाखालचं बशीचं किणकिणणंही तिला ऐकू आलं होतं.

म्हणजे ती उघडी होती की बंद याला काही अर्थच नव्हता.

ती तिथंच, फटीत, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आतून काठीचा आवाज निघाला, खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून दारात. बाहेर येऊन आई नेहमीच्या लाकडी खुर्चीत बसल्या. बसताना त्यांना तीन टप्पे लागतात. झुडपाच्या पलीकडून त्यांना बहुतेक तिचे पाय तेवढे दिसत असावेत.

“अनवाणी उतरलीस. काच असते तिकडे.”

“हो.” ती बाहेर आली. भिंग हातातच होतं.

“दिसली म्हणायची.”

“सकाळी.”

“वाटलंच मला. सकाळी तुझा हात गार होता.” आईंनी काठी गुडघ्यावर आडवी ठेवली. “बाळ्यानं बांधली. मी नुसतं सांगितलं. साल सोलायला पट्टी घेऊन बसला होता बघ, मोजपट्टी, चित्राची कड कापतात तसा. म्हटलं, अरे झाड आहे ते, त्याला कुठं काटकोन असतो. एका सालीला पाऊण तास.”

तिला हसू आलं, आणि आलेलं हसू आईंनी पाहिलंही. सात आठवडे तुम्ही दोघं माझ्यापासून लपवलंत, हे वाक्य दिवसभर तयार होतं. ते आता पुढे सरकेना. विचारायचं एकच होतं. तिनं पाण्याचा डबा उचलला, उगीच आत पाहिलं, खाली ठेवला.

“कधी बांधली, आई?”

आई झुडपाकडे बघत होत्या. त्यांना इथून फक्त हिरवा ढीग दिसत असणार, कळ्यासुद्धा नाही.

“तारखा कुठल्या राहतात आता. तू घरी नव्हतीस.”

छप्पन्न, पंचावन्न, चोपन्न... पण मोकळं वाटायच्या आतच तिच्या तोंडून गेलं, “मी तर रोजच नसते.”

“हो ना,” आई म्हणाल्या. “रोजच नसतेस.”

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. तिनं तो आवाज मनात परत लावून पाहिला, पुन्हा एकदा. टोमणा असता तर तिला कळला असता, बावीस वर्षांत तिनं त्यांचे टोमणे रंगावरून ओळखायला शिकून घेतले होते. काहीच नव्हतं. ज्या बाईनं ते ऐकलं ती हे असंच म्हणेल. जिनं नाही ऐकलं तीही असंच म्हणेल.

“धाकट्यानं बोलावलंय,” आई म्हणाल्या. “खालची खोली आहे म्हणे, अंगण मोठं. बाळ्या तुला सांगणार होता. त्याला बोलायचं म्हटलं की दुकानात काम निघतं. माती कशी आहे तिकडची कोण जाणे. तू बघून दे एकदा, ते तुझं थेंब घालून करतेस ते.”

“देईन. नमुना मागवायला सांगा त्यांना. वरची दोन बोटं माती काढून, खालची.”

“तूच सांग. माझ्याकडून बोटांचा घोळ होईल.” थोडा वेळ त्या काठीवरची एक खरखरीत जागा अंगठ्यानं चोळत राहिल्या. “आणि कापायची कधी तेही तूच सांग. मला घाई होते. मागे दोन वाया घालवल्या मी, मुळं दिसली की लगेच कापली, आठ दिवसांत माना टाकल्या. तुझं तसं नाही. तू म्हणशील तेव्हा कापू. मग बघू जायचं.”

तर आता तारीख तिच्या हातात होती. तिनं मागितली होती का? ...हो, बावन्न दिवसांपूर्वी, एका हातानं सुकलेली पानं खुडत. आणि ही बाई तीच तारीख, तशीच, तिच्या तळहातावर ठेवत होती – शिक्षा म्हणून, की विश्वासानं, की खरंच फक्त फांदी जगावी म्हणून? रोज सकाळी पाणी घातलंस का विचारणारी बाई आज म्हणते तू सांग. तिनं आईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्म्याच्या काचेवर बोटांचे ठसे होते, त्यांच्या स्वतःच्या. त्यांना ते पुसता येत नाहीत, आणि कुणी पुसून द्यावे असं त्या म्हणत नाहीत. हे ठसे किती दिवसांचे असतील?

मुळं तयार होती. तपकिरी व्हायला लागली की तयार, गोळा भरला की तयार. रोपवाला म्हणाला तयार असली तर कापा. वाचन स्वच्छ होतं. चोवीस वर्षांत तिनं समोर दिसणाऱ्यापेक्षा वेगळा आकडा एकदाही लिहिला नव्हता.

“अजून नाही,” ती म्हणाली.

“नाही?”

“कच्ची आहेत.”

“किती दिवस मग?”

“बघू.”

आईंनी मान तिच्याकडे वळवली. “बघू? तू आणि बघू?”

अंगणातलं ऊन भिंतीवर चढून गेलं होतं आणि दोघी उठत नव्हत्या. का म्हटलं मी तसं? त्या राहाव्यात म्हणून – की त्या जाण्याआधी मला कळायला हवं म्हणून की त्यांनी ऐकलं होतं का? की आपण घालवलं असं व्हायला नको, एवढ्यासाठीच, स्वतःच्या सोयीचं? डब्याच्या पिशवीत तो आयत अजून होताच, कडीसकट. तो खोटा नव्हता. अंगणात त्या दिवशी बोलले तेही खोटं नव्हतं. पण आत्ता हे खुर्चीशेजारी, थंड होत चाललेल्या फरशीवर अनवाणी उभं राहणं, पाठीमागे कुणीतरी आहे हे न वळता माहीत असणं... हे तेव्हाच्या हिशेबात तिनं धरलंच नव्हतं.

आईंचा श्वास ऐकू येत होता, बसल्यावर नेहमी येतो तसा, थोडा शिट्टी वाजणारा. ती ऐकत राहिली, आणि किती वेळ ऐकतेय हे मोजायला विसरली.